रोगाचा पत्ता विचारणारा माणूस

नुकत्याच डॉक्टर झालेल्या माझ्या एका नातलगाला, मी सध्या ऑगस्ट हिर्श या रोगांचा इतिहास-भूगोल लिहिणाऱ्या एकोणिसाव्या शतकातील जर्मन डॉक्टरांविषयी वाचतो आहे असे आज सांगितले, तेव्हा तो हसत म्हणाला, "जंतू सापडल्यावर त्या रद्दीला कोण विचारतो?" नाव माहीत नसणे मी समजू शकतो, ते हसणे मात्र मला दिवसभर सलते आहे.

हिर्श यांचा जन्म १८१७ मध्ये डान्झिगला (आजच्या पोलंडमधील ग्दान्स्कला) झाला. त्याच वर्षी बंगालमधील जेसोर येथे पटकीचा (कॉलऱ्याचा) तो भीषण उद्रेक झाला, जो दुसऱ्या वर्षी मुंबईपर्यंत येऊन ठेपला. तरुणपणी हिंदुस्थानातील इंग्रजी सेवेत शिरण्याचा हिर्श यांचा विचार होता व त्यासाठी त्यांनी उष्ण प्रदेशांतील रोगांचा अभ्यास आरंभला. तो बेत सिद्धीस गेला नाही, पण अभ्यास सुटला नाही. डान्झिगमध्ये रुग्ण तपासत असतानाच लष्करी डॉक्टरांचे अहवाल, प्रवाशांची वर्णने आणि जुन्या साथींच्या नोंदी धुंडाळून त्यांनी १८५९ ते १८६४ या काळात रोगांच्या इतिहास-भूगोलाचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि १८६३ मध्ये बर्लिन विद्यापीठात ते प्राध्यापक झाले. हा रोग कुठे आढळतो, केव्हापासून, कोणत्या ऋतूत, किती उंचीवर, कशा जमिनीत, हे तर त्यांनी विचारलेच. पण तो कुठे आढळत नाही, हेही तितक्याच चिकाटीने विचारले.

माझ्या काकांना असे प्रश्न कोणी वेळीच विचारले असते, तर बरे झाले असते. भाताची लावणी आटोपून ते शहरात आले आणि तापाने फणफणले. एका मोठ्या खाजगी रुग्णालयात त्यांच्या तपासण्यांमागून तपासण्या झाल्या, बिल वाढत गेले, डोळे पिवळे दिसू लागले, आणि तोवर एकालाही विचारावेसे वाटले नाही की हा माणूस आला कुठून. शेवटी एक वयस्क डॉक्टरबाई आल्या. त्यांनी काकांचे पाय पाहिले आणि विचारले, "काका, चिखलात उतरला होतात का?" त्यानंतर लेप्टोस्पायरोसिसची, म्हणजे उंदीर-गुरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्याचिखलातून होणाऱ्या तापाची, तपासणी झाली आणि निदान झाले.

हिर्श यांचे पुष्कळ चुकले, हे मान्य. गलगंड डोंगराळ मुलखात ठाण मांडून बसतो हे त्यांनी नोंदवले, पण त्याचे कारण त्यांना उमगले नाही. आणि जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू दाखवल्यावर अनेक जुने तर्क मोडीत निघाले, तेही ठीकच झाले. पण म्हणून प्रश्नही मोडीत काढायचे? काकांच्या रक्तातला जंतू प्रयोगशाळेनेच पकडला, हे मला कबूल आहे. तो कुठे शोधायचा, हे मात्र त्या बाईंच्या प्रश्नाने सांगितले.

रुग्णालयाच्या अर्जावर पत्त्याचा रकाना असतोच. काकांच्या अर्जावर शहरातील मुलाच्या सदनिकेचा पत्ता होता, आणि बिल वसूल करायला तो पुरेसा होता! शेत, चिखल, गोठा, उंदीर यांना त्या अर्जात जागा नव्हती.

लिहिता लिहिता राग थोडा निवला आहे. तरुण डॉक्टरांसमोर रांग एवढी असते की मान वर करायलाही उसंत मिळत नाही, हे मला दिसते. तरीही हिर्श यांच्याकडे पाहून थोडी लाज वाटायला हरकत नाही. १८७९ मध्ये, वयाची साठी उलटलेली असताना, ते रशियातील व्होल्गाकाठच्या वेत्ल्यांका येथील प्लेगची चौकशी करायला जर्मन सरकारच्या वतीने आस्त्राखान प्रांतात गेले. घरबसल्या ग्रंथ चाळून हे काम भागत नाही, हे त्यांना कळत होते. परतल्यावर स्वतःचाच ग्रंथ त्यांनी पुन्हा लिहायला घेतला. ती सुधारित आवृत्ती १८८१ ते १८८६ या काळात, म्हणजे जंतुशास्त्राची एकेक बातमी येऊन धडकत असतानाच, बाहेर पडली.

चार्ल्स क्रेटन यांनी केलेला तिचा तीन खंडांतील इंग्रजी अनुवाद आंतरजालावर फुकट मिळतो. आपल्या मुलखाशी थेट संबंध असलेले पटकीचे प्रकरण पहिल्या खंडात आहे; सुरुवात तिथूनच करावी.