चार नगरसेवक आणि एक चर

पुणे महापालिकेच्या जुन्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणूक झाली थेट जानेवारी २०२६ मध्ये. मधली पावणेचार वर्षं प्रशासकराज. आता ४१ प्रभागांत १६५ नगरसेवक आहेत. एक प्रभाग पाच जणांचा, बाकी सगळे चौघांचे. तरी गल्लीत खोदलेल्या चराबद्दल जाब कुणाला विचारायचा, हे विचारलं तर दहातल्या नऊ जणांना सांगता येत नाही.

आधी एक गैरसमज. अ, ब, क, ड हे प्रभागाचे भाग नव्हेत. आरक्षण टाकता यावं म्हणून पाडलेल्या त्या जागा आहेत. चौघंही अख्ख्या प्रभागाचे. 'तो एरिया माझ्याकडे नाही' हे त्यांचं आपापसातलं वाटप, त्याला कायद्याचा आधार नाही. २०११ ची जनगणना धरली तरी प्रभागाची सरासरी लोकसंख्या ८० हजारांच्या वर जाते. काम झालं की फ्लेक्सवर चार फोटो, खचलं की चौघंही एकमेकांकडे बोट दाखवणार. पुण्यात २००७ ला एकाचा प्रभाग होता, २०१२ ला दोघांचा, २०१७ ला चौघांचा. ही सगळी सोय पक्षांची, मतदाराची नव्हे, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून म्हणतो, नगरसेवकाकडे 'रस्ता करून द्या' म्हणून जाऊ नका. डांबरीकरण ते हौसेने देतात, नारळ फोडता येतो ना! पण जुना थर न खरवडता वर ४० मिलिमीटरचा नवा थर मारला, की ड्रेनेजचं झाकण तेवढंच खाली जातं. असे तीन थर झाले की चेंबर म्हणजे १२ सेंटिमीटरचा खड्डाच. झाकण वर घेणं मलनिस्सारणवाल्यांचं काम आणि डांबर पथ विभागाचं. दोघांच्या निविदा वेगळ्या, तारखा वेगळ्या. शिवाय रस्ता उंच झाला की पावसाचं पाणी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उतरतं.

खरी मेख आहे ती चर बुजवण्यात. केबल किंवा पाइप टाकून झाला की भराव १५ ते २० सेंटिमीटरच्या थरांत टाकायचा, प्रत्येक थरावर पाणी मारून कॉम्पॅक्टरने दाबायचा, वर खडीचा थर, मग चराच्या कडा सरळ कापून, त्यांना इमल्शन (म्हणजे चिकटण्यासाठीचं पातळ डांबर) लावून डांबर. प्रत्यक्षात काय होतं? उकरलेली मातीच एका दमात आत लोटतात, जेसीबीच्या बकेटने दोन थापट्या मारतात आणि वर काँक्रीट ओततात. जूनच्या पहिल्या दोन पावसांत माती बसते, काँक्रीटखाली पोकळी होते, कडेच्या भेगेतून पाणी शेजारच्या चांगल्या डांबराखाली शिरतं. महिनाभरात चर राहतो बाजूला, त्याच्या दोन्ही अंगांना खड्डे. (पेव्हर ब्लॉकचा विषय काढत नाही, पोस्ट संपायची नाही.)

आणि हा रस्ता डीएलपीत, म्हणजे दोष दायित्व कालावधीत (रस्ता बिघडला तर ठेकेदारानेच दुरुस्त करून द्यायचा काळ) असेल तर मजाच. ठेकेदार म्हणतो, मी केलेला रस्ता दुसऱ्याने खोदला, आता माझी जबाबदारी नाही. त्यामुळे भांडण कागदावर न्यायला हवं. खोदाईची परवानगी कुणाला, किती मीटरची, बुजवायचं कुणी, एवढं पहिल्यांदा विचारा. खासगी कंपनी असेल तर ती शुल्क भरते आणि दुरुस्ती महापालिकेच्या गळ्यात येते. महापालिकेचीच पाण्याची किंवा ड्रेनेजची लाइन असेल तर दुरुस्ती बहुतेकदा त्याच ठेकेदाराच्या निविदेत असते.

मग मोजमाप पुस्तक मागा, ऑफिसच्या भाषेत एमबी. ठेकेदाराचं बिल ज्यावरून निघतं ती झालेल्या कामाची नोंदवही. त्यात दोन ओळी बघायच्या: उकरलेली माती वाहून नेल्याचे पैसे लावलेत का, आणि नवा मुरूम आणल्याचे लावलेत का. दोन्ही लावलेत आणि चरात काळी मातीच दिसतेय, तर पुढे फार बोलावं लागत नाही. माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत. उत्तराची मुदत ३० दिवस. याच कायद्याच्या कलम २(ञ) मध्ये कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे, तो फारसं कुणी वापरत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख भरपाईचा आदेश दिलाय. ती रक्कम पुढे कुणाकडून वसूल करायची, तेही याच कागदांवरून ठरणार.

महापालिकेच्या ॲपवर तक्रार टाकताना 'रस्ता खराब आहे' एवढंच लिहू नका, ती 'निवारण झाले' म्हणून बंद होते. विजेच्या खांबाचा नंबर, चराची लांबी-रुंदी, किती इंच खचलाय, आणि पट्टी ठेवून काढलेला फोटो. तेच पत्र चारही नगरसेवकांना, एकाच मजकुराचं, चौघांचीही नावं वर लिहून. पोच प्रत्येकाची वेगळी घ्यायची. प्रत क्षेत्रीय कार्यालयातल्या त्या भागाच्या कनिष्ठ अभियंत्याला. हे सगळं एप्रिलमध्येच उरका. ३० एप्रिलला खोदाईची मुदत संपते, दुरुस्तीला हातात उरतो एक मे महिना, आणि पाऊस सुरू झाला की गरम डांबर मिळत नाही, मिळते ती फक्त मुरूम टाकून केलेली मलमपट्टी.