अल्को बुडाली ती वाफेपायी नाही : कट्ट्यावर झालेला वाद

परवा संध्याकाळी कट्ट्यावर सुऱ्यानं मोबाईलवर बिग बॉयचा व्हिडिओ लावला, ४०१४ नंबरचं ते युनियन पॅसिफिकचं अजस्त्र वाफेचं इंजिन, २०१९ ला परत रुळावर आणलेलं, आणि बघता बघता म्हणाला की बघा एवढं भारी इंजिन बनवणारी कंपनी पण बुडाली, कारण वाफेला चिकटून बसले, डिझेल येतंय हे त्यांना दिसलंच नाही. मला हे वाक्य ऐकलं की राहवत नाही, खरंच. अल्को म्हणजे अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनी, तिच्याबद्दल जो तो हेच बोलतो आणि ते चूक आहे. मग जी सुरुवात झाली ती साडेनऊ वाजेपर्यंत. कट्ट्यावर मी, सुऱ्या, बंड्या आणि डिझेल शेडमधून रिटायर झालेले नाना. जे बोलणं झालं ते आठवतंय तसं लिहून काढतोय.

मी म्हणलं, सुऱ्या तू जे सांगतोयस ती बाल्डविनची गोष्ट आहे, अल्कोची नाही. फिलाडेल्फियाची बाल्डविन, त्यांचे चेअरमन सॅम्युएल वॉक्लेन, त्यांनी १९३० साली भाषणात सांगितलं होतं की वाफेचं इंजिन निदान १९८० पर्यंत राज्य करणार. आणि बाल्डविनचं रेल्वे इंजिन बनवणं १९५६ ला थांबलं. लोकांनी दोन्ही कंपन्यांची गोष्ट एकत्र कालवून टाकलीये.

"मग अल्कोनं काय वेगळं केलं? बिग बॉय तर त्यांचंच ना, १९४१ चं?" सुऱ्या.

त्यांचंच, १९४१ ते ४४ मध्ये पंचवीस बनवली, न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडीच्या कारखान्यात. पण त्याच १९४१ सालात त्याच कंपनीनं आरएस-१ काढलं, आणि ते जास्त महत्त्वाचं आहे असं माझं मत. आरएस म्हणजे रोड स्विचर. त्याआधी डिझेल इंजिनं दोन जातींची असायची, यार्डात डबे इकडून तिकडे करणारी छोटी, नाहीतर मेन लाईनवर पळणारी, पुढून नाकासारखं तोंड असलेली मोठी, ज्यांच्यातून मागचं काही दिसायचं नाही. आरएस-१ मध्ये लांब बॉनेट, मधे थोडी एका बाजूला केबिन, बाजूनं चालायला फळी, दोन्हीकडे चालवता येईल, यार्डात पण चालेल आणि लाईनवर पण. आज जगात कुठलंही डिझेल मालगाडीचं इंजिन डोळ्यासमोर आणा, बहुतेक ह्याच साच्यातलं दिसेल. जनरल मोटर्सनं हा साचा मनापासून उचलला तो १९४९ ला, जीपी-७ काढलं तेव्हा. आरएस-१ ची पहिली तेरा इंजिनं तर युद्धासाठी अमेरिकन लष्करानंच ताब्यात घेतली आणि इराणच्या रेल्वेवर पाठवली, चाराची सहा अ‍ॅक्सल करून.

आणि त्याच्याही आधी बघ. १९२५ साली न्यू जर्सी सेंट्रल रेल्वेवर जे डिझेल-इलेक्ट्रिक धावायला लागलं, नंबर १०००, तीनशे हॉर्सपॉवरचं एक चौकोनी खोकं, त्याचा सांगाडा अल्कोचा, वीजेचं सामान जनरल इलेक्ट्रिकचं आणि इंजिन इंगरसोल-रँडचं. ते १९५७ पर्यंत काम करत होतं आणि आता बाल्टिमोरच्या म्युझियममध्ये आहे. १९२९ ला अल्कोनं मॅकिंटॉश अँड सीमूर ही डिझेल इंजिन बनवणारी कंपनीच विकत घेतली. वाफेला चिकटून बसणारा माणूस डिझेलची कंपनी विकत घेतो का?

नाना इतका वेळ गप्प होते, ते म्हणाले, "पण मग ही कंपनी मुळात वाफेचीच ना?"

वाफेचीच हो नाना. १९०१ ला आठ कंपन्या एकत्र करून अल्को बनली, स्केनेक्टडी, ब्रुक्स, पिट्सबर्ग, रिचमंड, र्‍होड आयलंड वगैरे, कारण एकट्या बाल्डविनपुढे यातली कुठलीच टिकत नव्हती. १९०५ ला रॉजर्स पण आली. (इथे एक गोष्ट मला फार आवडते म्हणून सांगितलीच: १८६९ ला युटामध्ये प्रॉमोंटरीला अमेरिकेची पूर्व-पश्चिम रेल्वे जोडली तेव्हा दोन इंजिनं समोरासमोर उभी होती, एक ज्युपिटर ते स्केनेक्टडीत बनलेलं, दुसरं नंबर ११९ ते रॉजर्सचं. म्हणजे त्या फोटोतले दोघंही पुढं जाऊन एकाच घरातले झाले.) सगळी मिळून पंचाहत्तर हजारांवर इंजिनं बनली या नावाखाली. मधे काही वर्षं मोटारगाड्या पण काढल्या, १९०९ आणि १९१० ची व्हँडरबिल्ट कप रेस अल्कोच्या गाडीनं जिंकली, पण पैसे बुडाले आणि १९१३ ला ते बंद केलं.

आता बंड्या पुढं सरकला. बंड्याचं म्हणणं नेहमी एकच असतं, मोठ्यानं छोट्याला खाल्लं, आणि ह्या वेळी त्याच्याकडे मुद्दे होते हे मान्य. तो म्हणाला, "तुझं सगळं बरोबर, पण युद्धात काय झालं ते सांग की. सरकारनं अल्कोला सांगितलं तुम्ही वाफेची आणि यार्डाची इंजिनं बनवा, आणि मेन लाईनची मालगाडीची डिझेल फक्त जनरल मोटर्स बनवणार. चार वर्षं एकट्यालाच मैदान मोकळं. मग कोण जिंकणार?"

हे अर्धं खरं आहे आणि मी तसंच म्हणलं. वॉर प्रॉडक्शन बोर्डानं १९४२ मध्ये कामं वाटून दिली होती. जनरल मोटर्सच्या इलेक्ट्रो-मोटिव्हला मालगाडीचं एफटी नावाचं डिझेल बनवायला परवानगी, अल्को आणि बाल्डविनला वाफ आणि यार्डातली डिझेल. पण बोर्डानं हे वाटप कशावरून केलं ते पण बघायला पाहिजे. एफटी १९३९ लाच तयार होतं, चार युनिटचा सेट, ५४०० हॉर्सपॉवर, आणि तो डेमोला फिरवला वीस रेल्वे कंपन्यांच्या रुळांवर, पस्तीस राज्यांत, जवळजवळ ८४ हजार मैल. ज्याच्याकडे तयार माल आहे त्याला तोच बनवायला सांगितला. आणि जनरल मोटर्सची पण पॅसेंजर डिझेल थांबवलीच होती ना. उलट अल्कोनं त्यातूनही वाट काढली, न्यू हेवन रेल्वेसाठी डीएल-१०९ ची साठ इंजिनं दिली, दिवसा पॅसेंजर आणि रात्री मालगाडी ओढणार असं सांगून परवानगी मिळवली.

"म्हणजे तू सरकारची बाजू घेतोयस," बंड्या.

बाजू कुणाची नाही रे. मी एवढंच म्हणतोय की युद्धानं अल्कोचा वेळ खाल्ला हे खरं, पण अल्को मेली ती त्या गेलेल्या वेळेची भरपाई घाईनं करायला गेली म्हणून. माझं सगळं म्हणणं एका आकड्यावर येतं, २४४.

२४४ हे इंजिनाचं मॉडेल. युद्ध संपायच्या आधीच अल्कोला कळलं होतं की संपल्या संपल्या सगळ्या रेल्वे कंपन्या वाफ काढून डिझेल घेणार, आणि आपल्याकडे मेन लाईनचं नवं इंजिन नाही. म्हणून ते घाईघाईत तयार केलं आणि १९४६ पर्यंत विकायला पण लागले. कागदावर काय सुंदर होतं, टर्बोवालं फोर स्ट्रोक, बारा सिलिंडरमधून १५०० हॉर्सपॉवर, जिथं जनरल मोटर्सच्या ५६७ इंजिनाला तेवढ्याच ताकदीसाठी सोळा सिलिंडर लागायचे. १९४६ चं पीए हे पॅसेंजर इंजिन ह्याच २४४ वर, सोळा सिलिंडर, २००० हॉर्सपॉवर, दिसायला तर त्याच्याइतकं देखणं डिझेल झालं नाही असं म्हणणारे आजही शेकड्यानं भेटतील, मी पण त्यातलाच. पण टर्बो जायला लागले. क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या वरखाली होण्यानं फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा, तुटायला लागले. गाडी भर रस्त्यात बंद.

इथं नानांनी जे सांगितलं ते मला पुस्तकात वाचून कधी समजलं नसतं. ते म्हणाले, "टर्बो म्हणजे काय, सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर पंख्यावर मारायचा, त्या पंख्यानं दुसरा पंखा फिरवायचा आणि हवा दाबून सिलिंडरमधे भरायची. म्हणजे तो टर्बो सतत आगीच्या तोंडाशी, आणि फिरतोय मिनिटाला हजारोंनी. बेअरिंग जरा तापलं, तेल जरा कमी पडलं की गेला. आणि क्रँकशाफ्ट तुटला तर ते शेडमधलं किरकोळ काम नसतं, सगळं इंजिन उचलून बाहेर काढायला लागतं. गाडीला पर्यायी इंजिन कुठून द्यायचं? एकदा असं झालं की ट्रॅफिकवाले, म्हणजे गाड्या चालवायचं नियोजन करणारे, त्या इंजिनाचं नाव काढलं तरी नाही म्हणतात. पुढं ते सुधारलं तरी नाहीच म्हणतात."

हेच, नाना, अगदी हेच. १९४६ ते ५५ ही दहा वर्षं म्हणजे अमेरिकेत वाफ जाऊन डिझेल यायची वर्षं, सगळी मोठी खरेदी तेव्हाच झाली. त्या दहा वर्षांत अल्कोच्या हातात २४४ होतं. ज्यांनी घेतली त्यांनी पुढची ऑर्डर जनरल मोटर्सला दिली, आणि एकदा शेडमध्ये पार्ट एका कंपनीचे भरले, फिटर त्या कंपनीच्या इंजिनावर शिकले, की दुसऱ्याचं इंजिन घेणं म्हणजे नसती कटकट.

सुऱ्यानं विचारलं, मग वाफेची शेवटची कधी बनवली यांनी? १९४८. पिट्सबर्ग अँड लेक एरी रेल्वेसाठी. आणि त्याचे टेंडर, म्हणजे मागचा कोळसापाण्याचा डबा, ते लिमा कंपनीकडून करून घ्यायला लागले, कारण अल्कोनं स्वतःचं टेंडर शॉप आधीच मोडून डिझेलसाठी घेतलं होतं. वाफेला चिकटलेली कंपनी असं करत नाही सुऱ्या. त्यावर त्यानं मान्य केलं, की हा मुद्दा आधी सांगितला असतास तर अर्धा तास वाचला असता.

बंड्या काही ऐकेना. "आणि जनरल मोटर्सवर केस झाली होती ती?" झाली होती. १९६१ साली अमेरिकन न्याय खात्यानं आरोप ठेवला की ही कंपनी देशभर मोटारी आणि पार्ट रेल्वेनं पाठवते, म्हणजे रेल्वेची फार मोठी गिऱ्हाईक, आणि ह्या मालवाहतुकीच्या जोरावर रेल्वे कंपन्यांना आपलीच इंजिनं घ्यायला लावते. पुढं सरकारनं ती केस मागे घेतली. बंड्या म्हणतो मागे घेतली म्हणजे खोटी होती असं नाही, ते मला पटतं. ज्याच्याकडून तुम्हाला भाडं मिळतं त्याला नाही म्हणणं जड जातंच, वेगळा दबाव टाकायला पण लागत नाही.

पण मग बंड्या, जनरल इलेक्ट्रिकचं काय करशील? १९४० पासून अल्को आणि जनरल इलेक्ट्रिक भागीदार, एकत्र विक्री, इंजिनांवर दोघांचं नाव. १९५३ ला जनरल इलेक्ट्रिक बाहेर पडली आणि १९५९ च्या सुमारास स्वतःचं यू-२५बी घेऊन बाजारात आली, अडीच हजार हॉर्सपॉवर. त्यांच्यासमोर पण जनरल मोटर्सच होती, तीच गिऱ्हाइकं होती, तरी ते काही वर्षांत दुसऱ्या नंबरवर गेले आणि अल्को तिसऱ्यावर. आणि सगळ्यात वाईट म्हणजे अल्कोच्या इंजिनातल्या मोटर आणि जनरेटर तेव्हाही जनरल इलेक्ट्रिकचेच, म्हणजे ज्याच्याशी स्पर्धा त्याच्याकडूनच माल घ्यायचा. मला ह्या कंपनीच्या इतिहासातलं हे पान वाचताना खरंच वाईट वाटतं.

तोपर्यंत चांगलं इंजिन आलेलं होतं, हा खरा चटका. २५१. पिस्टनचा व्यास तोच नऊ इंच, स्ट्रोक तोच साडेदहा, पण आतून सगळं नव्यानं विचार करून, नीट टेस्ट करून केलेलं. १९५६ ला आरएस-११ मध्ये आलं, बारा सिलिंडर, १८०० हॉर्सपॉवर, आणि टिकाऊ. दहा वर्षं उशिरा. १९६४ ला कंपनी वर्दिंग्टननं घेतली आणि जानेवारी १९६९ ला स्केनेक्टडीत इंजिनं बनणं संपलं.

"संपलं कुठं?" नाना एकदम म्हणाले. "अरे मी आयुष्यभर दुसरं केलं काय?"

आणि मग नानाच बोलले. भारतीय रेल्वेनं १९६२ मध्ये अल्कोकडून आणि जनरल मोटर्सकडून, दोघांकडून २६०० हॉर्सपॉवरची इंजिनं आणली होती, अल्कोचं ते डब्ल्यूडीएम-२, जनरल मोटर्सचं ते डब्ल्यूडीएम-४. १९६९ ला पहिली हावडा राजधानी ओढली ती डब्ल्यूडीएम-४ नं. पण इथं बनवायला घेतलं ते अल्कोचं, कारण अल्को तंत्रज्ञान द्यायला तयार झाली. वाराणसीच्या कारखान्यातून पहिलं जानेवारी १९६४ ला बाहेर पडलं. त्यात सोळा सिलिंडरचं तेच २५१. नाना म्हणाले, "अमेरिकेत बंद झाल्यावर आम्ही त्याच सोळा सिलिंडरमधून २६०० चे ३१०० केले, मग डब्ल्यूडीएम-३डी मध्ये ३३००. कोकण रेल्वेवर वीज यायच्या आधी कल्याण शेडची इंजिनं चढाला लागली की आवाज नुसता ऐकत बसावा. काळा धूर म्हणून लोक नावं ठेवतात, पण तो का येतो? नॉच, म्हणजे ताकद वाढवायच्या दांड्याची पायरी, उघडला की डिझेल लगेच जातं, टर्बोला वेग धरायला मात्र काही सेकंद लागतात, तेवढ्यात हवा कमी पडते आणि डिझेल अर्धवट जळतं. टर्बोनं वेग घेतला की धूर साफ."

नानांच्या बोलण्यावर सुऱ्यानं तिथल्या तिथं जुना डब्ल्यूडीएम-२ चा व्हिडिओ शोधून लावला आणि आम्ही सगळे तो धूर साफ व्हायची वाट बघत बसलो, साधारण आठ-दहा सेकंदांनी झाला.

बंड्याला तरीही वाटतंय की युद्धात अल्कोला मोकळं सोडलं असतं तर २४४ ला टेस्टिंगला वेळ मिळाला असता आणि पुढचं सगळं वेगळं झालं असतं. मला वाटतं वेळ मिळाला नाही तर माल बाजारात आणायचा नाही, ही त्यांची त्यांनी घ्यायची गोष्ट होती. यावर आमचं जमलं नाही.

निघता निघता मी त्यांना क्रॉलरचं सांगितलं. फ्लोरिडात रॉकेट उभंच्या उभं लाँच पॅडपर्यंत नेणारी नासाची जी प्रचंड गाडी आहे, तिच्यात दोन सोळा सिलिंडरची इंजिनं बसवलेली होती, अल्को २५१. अपोलो ११ चं रॉकेट पॅडवर नेलं २० मे १९६९ ला, स्केनेक्टडी बंद होऊन चार महिने झाले होते. नानांनी हे दोनदा विचारून घेतलं, कुठलं इंजिन म्हणालास, २५१ च ना, आणि मग चपला घालून घराकडे निघाले.