नाताळात रेनकोट कशाला?

२४ डिसेंबरच्या सकाळी वेंगुर्ल्यातील आमच्या घराच्या ओसरीवर एक रेनकोट वाळत घातलेला दिसला. पाऊस जाऊन दोन महिने उलटले होते. रेनकोट बाहेरून कोरडा होता आणि आतून मात्र ओलाचिंब. चौकशी केली तेव्हा कळले की तो माझ्या भाचीचा आहे. ती वीस वर्षांची असून पोलीस भरतीची तयारी करते आणि नाताळासाठी आजोळी आली आहे. त्या दिवशी पहाटे चारला उठून, तो रेनकोट अंगावर चढवून आणि पाण्याचा घोटही न घेता ती बंदराच्या रस्त्याने सहा किलोमीटर धावून आली होती. ही म्हणे रंगीत तालीम होती. खरा प्रयोग दुसऱ्या दिवशी, चर्चमधल्या मध्यरात्रीच्या मिस्सेहून, म्हणजे नाताळाच्या प्रार्थनेहून, परतल्यावर न झोपता, दहा किलोमीटरचा व्हायचा होता.

या उद्योगामागे भरतीच्या व्हॉट्सॲप गटांतून सध्या फिरणारा ‘नाताळ आणि धावणे : सात सुवर्णनियम’ हा संदेश आहे. भाचीला तो एकाच दिवसात तीन ठिकाणांहून आला, आणि तीन जणांनी पाठवला म्हणजे त्यात तथ्य असणारच, अशी तिची समजूत झाली. लेखकाचे नाव कुठेही नाही. शेवटी ‘एक अनुभवी कोच’ एवढेच लिहिलेले आहे. ज्यांनी तो वाचला नसेल त्यांच्यासाठी नियम थोडक्यात सांगतो. तीन दिवस धावणे चुकले तर वर्षभराची मेहनत शून्य होते. एक नेवरी (आमच्याकडची नाताळातली करंजी) म्हणजे पाच किलोमीटर, तेव्हा खाल्ले तेवढे दुसऱ्या दिवशी धावून फेडावे. मिस्सेनंतर झोपू नये, तर अनशापोटी, रेनकोट किंवा प्लास्टिक अंगात घालून, पाणी न पिता दहा किलोमीटर धावावे, म्हणजे चरबी घामावाटे वितळून जाते. सणाच्या दिवसांत वाळूवरून अनवाणीच धावावे. वाइन हृदयाला चांगली असल्यामुळे धावणाऱ्याने ती जरूर घ्यावी. खाण्याचा आग्रह करणारे नातेवाईक हे तुमच्या ध्येयाचे शत्रू समजावेत. आणि सातवा नियम असा की धावण्याची वेळ आधीच ठरवून घरात सांगून ठेवावी.

सातही नियमांना सारखाच वेळ देण्याची माझी इच्छा नाही. तिसऱ्या नियमाने एखाद्याचा जीव जाऊ शकतो, म्हणून आधी तोच घेतो.

घाम म्हणजे पाणी आणि मीठ. त्यात चरबी नसते. शरीरात चरबी जळते तेव्हा तिचा फार मोठा भाग कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडतो आणि उरलेल्याचे पाणी होते. रेनकोट घालून धावल्यावर वजनकाटा एक किलो कमी दाखवतो हे खरे आहे. भाचीनेही मला तो आकडा मोठ्या अभिमानाने सांगितला. परंतु एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते, आणि अंगातून गेलेले ते लिटरभर पाणी दोन तांबे पोटात गेले की काट्यावर परत दिसते. चरबी होती तिथेच राहते. मधल्या वेळात शरीराची जी अवस्था होते ती मात्र काट्यावर दिसत नाही. धावताना स्नायूंत निर्माण होणारी उष्णता बाहेर टाकण्याचा आपला मुख्य उपाय म्हणजे घाम, आणि घाम येण्याने अंग थंड होत नाही, तो वाळण्याने होते. कोकणातल्या दमट हवेत तो आधीच नीट वाळत नाही. वर रेनकोट चढवला तर वाळायला वावच उरत नाही. म्हणजे शरीर पाणी घालवत राहते, त्याच्या बदल्यात थंडावा काहीच मिळत नाही, आणि ते पाणी भरून काढायलाही हा संदेश मनाई करतो.

‘इतकी माणसे करतात, कोणाला काही झाले का?’ असे भाचीने विचारले. झाले आहे, आणि त्याची अधिकृत नोंदही आहे. १९९७ साली ७ नोव्हेंबर ते ९ डिसेंबर या अवघ्या महिन्याभरात अमेरिकेतील तीन वेगवेगळ्या राज्यांत तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर मरण पावले. त्यांची वये १९, २२ आणि २१ होती. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने फेब्रुवारी १९९८ मध्ये आपल्या साप्ताहिक अहवालात या तिन्ही मृत्यूंचा तपशील दिला. तिघांनाही स्पर्धेच्या वजनगटात बसण्यासाठी झटपट वजन उतरवायचे होते. तिघांनीही पाणी तोडले होते. तिघांनीही वाफ बाहेर जाऊ न देणारा पोशाख आत आणि त्यावर सुती कपडे घातले होते. आणि त्या अवस्थेत, गरम जागेत, ते जोरदार व्यायाम करत राहिले. आमच्या ‘अनुभवी कोच’ने जी कृती नियम म्हणून लिहिली आहे, ती जवळजवळ शब्दशः हीच आहे. जानेवारी १९९८ मध्ये तिथल्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने कुस्तीगीरांसाठी असल्या पोशाखावर बंदी घातली. जी गोष्ट तिथे त्या मुलांच्या मृत्यूनंतर बंद झाली, ती इतक्या वर्षांनी आमच्याकडे ‘सुवर्णनियम’ म्हणून यावी, याला काय म्हणावे?

ते तिघे मल्ल होते, धावपटू नव्हते, आणि त्यांनी व्यायाम केला ती जागा मुद्दाम तापवलेली होती, हा फरक मी मान्य करतो. डिसेंबरातील वेंगुर्ल्याची पहाट तशी नसते. त्या वेळी हवेत सुखद गारवा असतो. पण रेनकोटच्या आत वेंगुर्ल्याची हवा जात नाही, आणि गारवा असल्यामुळेच तहान लागत नाही, हा त्यातला दुसरा धोका आहे. शिवाय त्या मल्लांच्या भोवती निदान चार माणसे तरी होती. इथे एक मुलगी रात्रभर जागून, रिकाम्या पोटी, एकटीने, अंधारात बाहेर पडणार होती. या दिवसांत आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. पहाटे चारला बंदराच्या वाटेवर ती चक्कर येऊन पडली असती, तर कोणाच्या लक्षात आले असते?

आता नेवरीचा हिशेब पाहू. या नियमाने आमच्या घरात प्रत्यक्ष रडारड झाली, म्हणून त्याचा राग अधिक आहे. धावताना साधारणपणे दर किलोमीटरला, शरीराच्या दर किलो वजनामागे, एक किलोकॅलरी खर्च होते. भाचीचे वजन ५२ किलो आहे, म्हणजे पाच किलोमीटरला २६० किलोकॅलरी झाल्या. आईने केलेली नेवरी मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहिली. ती ३० ग्रॅम भरली. खाण्याच्या पदार्थांत सर्वांत जास्त ऊर्जा तेला-तुपात, म्हणजे ग्रॅमला नऊ किलोकॅलरी. त्या मानाने ३० ग्रॅम निव्वळ तेलाच्या २७० होतात. म्हणजे नेवरीचे पाच किलोमीटर करायचे असतील तर तिच्यात मैदा नको, खोबरे नको, रवा नको, साखर नको. गोठलेल्या तेलाची नेवरी वळावी लागेल. अशी नेवरी वळणारी सुगरण आमच्या वाड्यात तरी नाही. शेजारच्या घरांतून दिवाळीला आमच्याकडे करंज्या येतात आणि नाताळाला आमच्या नेवऱ्या त्यांच्याकडे जातात. त्या करंज्यांचे किलोमीटर कोणी मोजल्याचे मला आठवत नाही.

संदेशातला ‘फेडावे’ हा शब्द मला विशेष खटकला, आणि त्याच्या पुढे तर ‘नाताळाच्या पापाचे प्रायश्चित्त’ असेही लिहिले आहे. आमच्याकडे प्रायश्चित्ताला ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा स्वतंत्र काळ नेमलेला आहे; त्यासाठी नाताळाची पहाट उसनी घेण्याचे कारण नाही. कॅथलिकांना शुक्रवारी मांस वर्ज्य करण्याचा जो नियम आहे, तोदेखील महासोहळा, म्हणजे नाताळासारखा सर्वांत मोठ्या दर्जाचा सण, शुक्रवारी आला तर लागू होत नाही, असे कॅनन लॉच्या, म्हणजे चर्चच्या कायद्याच्या, १२५१ व्या कलमातच म्हटले आहे. २०२० साली नाताळ शुक्रवारी आला होता आणि त्या दिवशी सोरपोतेल, म्हणजे डुकराच्या मांसाचे कालवण, खाणाऱ्या कोणाचाही नियमभंग झाला नाही. खुद्द चर्चने जिथे सूट दिली, तिथे हा निनावी कोच दंड वसूल करायला उभा राहिला आहे! माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. ती नातीच्या ताटाजवळ बशी सरकवत म्हणाली, ‘‘गो, एक तरी खा, नाताळ काय रोज रोज येता?’’ आणि नातीने ती बशी परत सरकवली. बशीतल्या नेवऱ्या तशाच राहिल्या आणि आई उठून आत गेली. नातेवाईकांना शत्रू ठरवणाऱ्या सहाव्या नियमाला याहून निराळे उत्तर द्यावे असे मला वाटत नाही.

दुसरे असे की भरतीत मुलींना ८०० मीटर धावायचे असते. मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी २० गुण त्याचे, आणि उरलेले १०० मीटर व गोळाफेकीचे आहेत. तीन-साडेतीन मिनिटांत संपणाऱ्या शर्यतीची तयारी नेवऱ्या मोजत दहा-दहा किलोमीटर रखडत धावून कशी होते, हे त्या कोचने समजावून सांगावे.

पहिल्या नियमात अर्धे सत्य आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. धावणे थांबले की दम कमी होतो. प्रश्न किती दिवसांत आणि किती, एवढाच आहे. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सात कसलेल्या खेळाडूंचा सराव पूर्णपणे थांबवून त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पुन्हा पुन्हा मोजली गेली. २१ दिवसांच्या पूर्ण विश्रांतीनंतर ती सात टक्क्यांनी उतरली होती आणि ५६ दिवसांनंतर सोळा टक्क्यांवर स्थिरावली. प्रयोग लहान होता, हेही सांगितले पाहिजे. तरीही तीन आठवड्यांत सात टक्के आणि तीन दिवसांत शंभर टक्के, यांतला फरक कळायला कोच असावे लागत नाही. सराव पूर्ण न थांबवता फक्त कमी केला, तर चित्र याहून बरे असते. आठवड्याचे सहा दिवस दोनावर आणले, पण त्या दोन दिवसांचा जोर पूर्वीसारखाच ठेवला, तर कमावलेली क्षमता पंधरा आठवडेदेखील टिकल्याचे १९८१ मध्येच दाखवले गेले आहे. त्यामुळे २४ ते २६ हे तीन दिवस येशूजन्माचा गोठा सजवण्यात, मिस्सेत आणि पाहुण्यांत गेले, तर वर्षाचे काहीही वाहून जात नाही. सोरपोतेल तर तीन दिवस राहिल्यावरच खरे लागते.

खरी भीती तीन दिवसांची नाही, तीन आठवड्यांची आहे, हे मात्र मी भाचीलाही सांगितले. कुलकुल आणि दोदोल हे नाताळाचे गोड पदार्थ करायला डिसेंबरच्या मध्यापासून सुरुवात होते, डबे ६ जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत रिकामे होत नाहीत, आणि ‘सण आहे’ ही सबब तेवढेच दिवस पुरते. संदेशात एवढेच लिहिले असते तर मी त्याला हरकत घेतली नसती.

वाळूचे आणि वाइनचे नियम लवकर उरकतो. भुसभुशीत वाळूवर धावायला कठीण जमिनीपेक्षा सुमारे दीडपट शक्ती लागते, आणि सवय नसलेल्या पोटऱ्या व टाचा त्याची वसुली दुसऱ्या दिवशी करतात. ओहोटीची ओली, घट्ट वाळू चांगली असते, मात्र किनारा समुद्राकडे उतरता असल्यामुळे एकाच दिशेने फार धावू नये. ओहोटीची वेळ पाहून निघावे. अंधारात अनवाणी तर मुळीच जाऊ नये, कारण रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मासेमारीच्या जाळ्याचे, दोर, फुटके शिंपले आणि काचा कोणाचे ध्येय पाहून बाजूला होत नाहीत. वाइनबद्दल सांगायचे तर, मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. नाताळाच्या जेवणाबरोबर ज्यांना एक पेला घ्यायचा आहे त्यांनी तो सणाचा म्हणून घ्यावा. धावण्याचे औषध म्हणून घेऊ नये, आणि दुसऱ्या दिवशी पाय जड वाटले तर बुटांना दोष देऊ नये.

उरला सातवा नियम. तो बरोबर आहे, हे नाइलाजाने कबूल करतो. पाहुण्यांनी भरलेल्या घरात धावण्याची वेळ आधी ठरवली नाही तर ती मिळत नाही, आणि न सांगता गेलेले माणूस घरच्यांना पळ काढल्यासारखे वाटते. २५ तारखेला भाची मिस्सेहून आली, केक खाल्ला, झोपली आणि नऊला उठली. त्या दिवशी ती धावली नाही. २६ ला आम्ही दोघे उजाडल्यावर, पाणी पिऊन आणि साध्या कपड्यांत, गप्पा मारता येतील अशा वेगाने पाच किलोमीटर जाऊन आलो. काल तिने मैदानावर दोनशे मीटरच्या सहा फेऱ्या वेगात मारल्या आणि मी घड्याळ धरून उभा राहिलो. नव्या वर्षापर्यंत एक दिवसाआड, पावणेसात ते साडेसात, अशी वेळ आम्ही रात्रीच्या जेवणावर सर्वांसमक्ष जाहीर केली. त्यावर आईने एवढेच सांगितले की धावायला बाहेर जाणारच असाल, तर येताना बेकरीतून डझनभर पाव घेऊन या, सोरपोतेल अजून पुष्कळ आहे.