‘भाजीत गुपचूप गोळी टाका, दारू सुटते’: खुलासा

नाशिकच्या सिडको-सातपूरकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘दारू सोडवायची गोळी कुटून नवऱ्याच्या भाजीत टाका, त्याला पत्ताही लागणार नाही.’

असं करू नका. ही गोळी बहुधा डायसल्फिरामची असते आणि ती दारूची ओढ कमी करतच नाही. दारू पचताना शरीरात ॲसिटाल्डिहाइड नावाचं विषारी द्रव्य तयार होतं, ते पुढे मोडण्याचं काम ही गोळी रोखते. वर दारू घोटभर जरी गेली तरी चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी उतरतं. हृदयविकार असेल तर जिवावरही बेतू शकतं. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. ज्याला गोळीचा पत्ताच नाही, तो अंबडच्या कारखान्यातली शिफ्ट सुटल्यावर नेहमीसारखी क्वार्टर मारणार. मग कॅज्युअल्टीत डॉक्टरांना सांगणार काय? म्हणून डॉक्टर ती रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनेच देतात. अल्कोहोल असलेलं कफ सिरपसुद्धा टाळायला सांगतात.

‘औषधं थोतांड, निग्रह हवा’ हेही तितकंच खोटं (आणि हे सांगणारे बहुतेक स्वतः न पिणारे!). नाल्ट्रेक्सोनने पिण्याची ओढ कमी होते, ॲकॅम्प्रोसेट सोडलेली दारू सुटलेलीच राहायला मदत करतं. लिव्हर, किडनी तपासून डॉक्टर निवड करतात.

रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र एकदम बंद करू नये. दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. आधी मानसोपचारतज्ज्ञाला गाठा. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे.