तो १४ टक्के टेंडर वोटवाला मेसेज

इलेक्शन आलं की हा मेसेज परत फिरतो, यादीत नाव नसेल तर आधार दाखवा, ४९ए खाली चॅलेंज वोट मागा, आणि १४ टक्के टेंडर वोट पडले की फेरमतदान. तसं काही नाहीये! यादीत नाव नसेल तर कुठलंही कार्ड दाखवा, मत देता येत नाही. १९६१ च्या निवडणूक संचालन नियमांत ४९ए हे ईव्हीएमच्या डिझाइनबद्दल आहे (मेसेज बनवणाऱ्याने उघडून तरी बघायचं). चॅलेंज पोलिंग एजंट (केंद्रावरचा उमेदवाराचा प्रतिनिधी) करतो, मत द्यायला आलेल्याच्या ओळखीवर शंका घेऊन, २ रुपये भरून. टेंडर वोट म्हणजे तुमच्या नावावर आधीच कोणी मत टाकून गेलं तर तुम्हाला कागदी मतपत्रिका मिळते, तो नियम ४९पी, आणि त्यात १४ टक्के वगैरे कुठेच नाही. यादीत नाव आत्ताच चेक करा, नसेल तर नाव नोंदवायचा फॉर्म ६ भरा, हेल्पलाइन १९५०.