पावणेदोन गुंठे पडदा

आज तिसरा दिवस, आणि माझी मान अजून उजवीकडं वळत नाही. काल बँकेत उजव्या टेबलावरच्या बाईंनी चहाचं विचारलं, तर मी खुर्चीसकट फिरलो. त्या दचकल्या. मला अपघात झालाय असं त्यांना वाटलं. अपघातच, फक्त त्याचं तिकीट 480 रुपये होतं.

दोष पोराचा. तो पुण्यात नोकरीला आहे आणि पुण्यात राहून माणसाला जे होतं ते त्याला झालंय. फोनवर म्हणाला, "बाबा, हा पिक्चर साध्या पडद्यावर बघू नका. पाप लागेल." तेवढ्यात आपल्या गावातल्या एका मल्टिप्लेक्सनं साठ फुटी पडद्याचा बोर्ड लावलेला. बायकोनं दोन्ही दर विचारले. साधा 210, मोठा 480. "पिक्चर तोच हाय न्हवं?" एवढंच म्हणाली आणि भिशीच्या मैत्रिणींबरोबर शेजारच्या साध्या हॉलची तिकिटं काढून मोकळी झाली. मी मोबाईलवर मोठ्याचं काढलं. त्यावर 'सोय' केल्याबद्दल आणखी पन्नासेक रुपये गेले. माझी ती शेवटची सोय.

सीट निवडताना एक विचार केला. सगळ्या हॉलला एकच दर आहे, म्हणजे सगळीच बाल्कनी. मग जितकं पुढं तितकं चांगलं. पहिली ओळ मोकळीच होती. आपण लवकर जागे झालो म्हणून मिळाली, असं मला वाटलं.

आमच्या लहानपणी टॉकीजमध्ये पडद्याला चिकटून थर्ड, त्याच्या मागं सेकंड, मग फर्स्ट आणि वर बाल्कनी. पुढं बसणाऱ्याला सगळ्यात कमी पैसे. कारण मालकालाही माहीत होतं की पहिल्या ओळीत बसून पिक्चर बघायला एकतर वय तरी लागतं किंवा गरिबी तरी. आम्हाला दोन्ही होतं. आम्ही थर्डात बसून नाणी उधळली, शिट्ट्या मारल्या, हिरोच्या नाकाच्या भोकातनं अख्खा पिक्चर बघितला, आणि बाहेर येऊन बाल्कनीवाल्यांपेक्षा जास्त खूश होतो. त्याच थर्डाला आता 480 लावतात, आणि सीट मागं झुकती केली की तिला नवीन नाव मिळतं.

असो. बसलो. मान मागं टाकली. शेजारी पंच्याहत्तरीचे एक गृहस्थ, पांढरा सदरा, पांढरी टोपी, खिशाला दोन पेनं. बरोबर दहा-अकरा वर्षांचा नातू. अजून जाहिराती चालल्या होत्या. गृहस्थ नातवाला म्हणाले, "जा, पडद्याम्होरं हुबा ऱ्हा."

"कशाला आज्जा?"

"जा म्हणतो न्हवं."

पोरगं गेलं. पाठीमागं सोनाराच्या जाहिरातीतली बाई भलामोठा हार घालून वळत होती, तिच्या हनुवटीखाली हे पोरगं अटेन्शनमध्ये. मागनं आरडाओरडा सुरू झाला, "ए, बस की खाली!" गृहस्थ ढिम्म. हात लांब करून, एक डोळा मिटून, अंगठ्यानं मोजत होते. तोंडानं पुटपुटत होते. मग पोराला परत बोलावलं आणि माझ्याकडं वळले.

"पोर साडेचार फुटाचं. उंची भरली सात पोरं. साडेएकतीस. रुंदी साठ म्हणत्यात, मानून चालू. अठराशे नव्वद चौरस फूट." एक क्षण थांबले. "पावणेदोन गुंठे झालं की हो पावणं."

मी विचारलं, "आपण...?"

"तलाठी हुतो. एकतीस वर्सं."

मला काय बोलावं कळेना. मी म्हटलं, "आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात ना?" 2024 ला सरकारनं पदाचं नाव बदललं, तेवढं पेपरात वाचलेलं.

"म्हणत्यात. नाव मोठं केलं, पन हाताखालच्या गावांचा सज्जा तेवढाच हाय." आणि पडद्याकडं बघून म्हणाले, "ह्येचंबी तसंच न्हवं म्हंजे मिळीवली."

पिक्चर सुरू झाला. आणि आण्णा (मी त्यांना आता आण्णा म्हणायला लागलो होतो) खुर्चीतनं अर्धे उठले. पडद्याच्या वरच्या अंगाला एक काळी पट्टी, खालच्या अंगाला एक काळी पट्टी, आणि मधल्या पट्ट्यात पिक्चर.

"ह्ये काय वो?"

मी पोराकडनं ऐकलेलं सांगितलं. बऱ्याच मोठ्या डिजिटल पडद्यांचा आकार 1.90 ला 1 असतो, म्हणजे रुंदी उंचीच्या 1.90 पट, आणि बरेचसे पिक्चर 2.39 ला 1 अशा लांबट आकारात काढलेले असतात. लांबट चित्र उंच पडद्यावर टाकलं की वर-खाली जागा रिकामी राहते.

"किती?"

"पाचवा हिस्सा."

"म्हंजे पोटखराबा."

हा शब्द मी शेवटचा ऐकला तो वडिलांच्या जमिनीच्या वाटणीत. सातबाऱ्यावर लागवडीला न येणारं जे क्षेत्र वेगळं दाखवतात, ओढा, खडक, पाणंद, तो पोटखराबा. आण्णा अंधारात माझ्या कानाला लागून समजावत होते आणि पुढं कोणाचा तरी खून होत होता. "वर्ग अ म्हंजे पिकत न्हाई त्ये. वर्ग ब म्हंजे सार्वजनिक कामाला राखून ठिवल्यालं, रस्ता, पाणवठा. आता वरची पट्टी वर्ग अ, त्यात वादच न्हाई. खालच्या पट्टीत निदान शिगरेटची सूचना तरी लिवायची. मग तिला वर्ग ब तरी म्हणता आलं असतं."

"हो आण्णा."

"आनि वर्ग अ ला आकार, म्हंजे शेतसारा, लागत न्हाई. सरकारसुदिक घेत न्हाई. ह्येनी कसा घेतला?"

खरं सांगायचं तर या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आणि अजून नाही. पोराला फोन करून विचारलं तर त्यानं तासभर माहिती दिली. आयमॅक्स ही मोठ्या पडद्याची कॅनडातली कंपनी, 1967 सालची. तिचा पहिला पिक्चर 1970 ला ओसाकाच्या प्रदर्शनात दाखवला. फिल्म 70 एमएमची, पण आडवी पळायची, एकेका फ्रेमच्या कडेला पंधरा भोकं, आणि चौकट नेहमीच्या 35 एमएमच्या नऊ-दहा पट. ते बघायला लोक दुसऱ्या गावाला जायचे, ते ठीक. पण आता जो तो आपापल्या मोठ्या पडद्याला आपापलं नाव देतो. किती फुटाला मोठा म्हणायचं, प्रकाश किती, आवाज किती, याचं सगळ्यांना लागू असलेलं एक माप नाही. आमच्याकडं गुळाच्या रव्याला, म्हणजे ढेपेलासुद्धा वजन विचारतात! बोर्डावर पडद्याची रुंदी लिहितात, पण हा पिक्चर तो पडदा भरणार का, हे कुठंच लिहीत नाहीत. तिकीट काढताना पॉपकॉर्न हवं का हे चार वेळा विचारतात. आकार एकदाही सांगत नाहीत.

मध्यंतर झालं. आण्णांनी पॉपकॉर्नच्या काउंटरवरनं दोन कागदी रुमाल घेतले, एक पेन काढलं आणि भिंतीला टेकून लिहायला घेतलं. 'मौजे कसबा करवीर, तालुका करवीर, जिल्हा कोल्हापूर. आज रोजी आम्ही खालील पंच समक्ष हजर राहून...'

"आण्णा, पंच कोण?"

"तुम्ही की."

पंचनाम्यात पडद्याची चतुःसीमा घातली. पूर्वेस भिंत, पश्चिमेस भिंत, उत्तरेस छत, दक्षिणेस पंच क्रमांक एक यांचे डोके. मी रुमालावर सही केली. मऊ कागदावर पेन रुतत होतं, त्यामुळं माझ्या आडनावाच्या जागी भोक पडलं. मागनं रांगेतला एक पोरगा हे सगळं मोबाईलवर काढत होता.

मॅनेजर आला. चोविसेक वर्षांचा, काळा कोट, गळ्यात कार्ड. आण्णांनी त्याच्या हातात रुमाल दिला. त्यानं तो तोंड पुसायला दिलाय असं समजून खिशात घातला. आण्णांनी परत काढून वाचून दाखवला. मागणी साधी होती. 480 चा पाचवा हिस्सा 96 रुपये, दोन तिकिटांचे 192, परत करावेत.

"सर, हा डायरेक्टरचा निर्णय असतो. फ्रेम त्यांनी ठरवलेली असते."

"ठरवू दे की. मी कुठं त्येला काय म्हणालो? त्येनं लांबडं रान केलं, त्येचा हक्क हाय. तू लांबड्या रानाला चौकोनी रानाचा फाळा घेतलास, त्येचं बोल."

"सर, प्लस टॅक्स असतो..."

"त्येबी बोल." आणि आण्णांनी जीएसटी काढला. शंभरापर्यंतच्या तिकिटाला 5 टक्के, शंभराच्या वर 18, सप्टेंबर 2025 पासनं. म्हणजे 480 मधले 73 रुपये सरकारचे. "आनि त्यातलं पंधरा रुपयं काळ्या पट्टीवरचं. काळ्या पट्टीला जीएसटी कुठल्या कलमानं?"

मॅनेजरनं वॉकीटॉकी काढला, त्यात काहीतरी बोलला, परत ठेवला. मग एकदम गावावर आला. "आण्णा, तुम्ही कोल्हापूरची माणसं पिक्चरच्या बाबतीत लई चिकित्सक..."

हे त्यानं बोलायला नको होतं. आण्णांनी त्याला खरी कॉर्नरच्या कॅमेऱ्याच्या स्तंभापासनं सुरुवात केली. मूकपटांच्या काळात बाबूराव पेंटरांनी कॅमेरा इथं बनवला, 'प्रभात' फिल्म कंपनी 1929 ला इथं निघाली, 1933 ला पुण्याला गेली. "गेली ती गेली. पन जाताना पडदा न्हेला न्हाई! पडद्यातलं आम्हास्नी शिकवू नगंस." मला वाटतं 'प्रभात' पुण्याला गेल्याचा राग त्या मॅनेजरनं अख्खा एकट्यानं सोसला. तो बिचारा इचलकरंजीचा निघाला.

शेवटी त्यानं आण्णांना पॉपकॉर्नचं मोठ्या डब्याचं कुपन दिलं. आणि माझ्याकडं वळून, अगदी अदबीनं, "सर, आपली काही तक्रार नाही ना?"

पंच क्रमांक एक मी. सही माझी. मान माझी. आणि मी काय म्हणालो? "नाही, नाही, छान आहे." हे माझ्या तोंडून का निघालं, याचा मी तीन दिवस विचार करतोय.

आता एक कबुली द्यायला पाहिजे, नाहीतर पोरगं म्हणेल की बाबांनी अर्धवट सांगितलं. मध्यंतरानंतर एका जागी, डोंगराचा कडा येतो तिथं, अचानक दोन्ही काळ्या पट्ट्या गेल्या. चित्र वर छतापर्यंत आणि खाली माझ्या बुटांपर्यंत आलं. काही पिक्चरांत असे थोडे प्रसंग मुद्दाम उंच काढलेले असतात. खुर्ची आवाजानं थरथरत होती. पोटात खड्डा पडला, खरोखर पडला. मी खुर्चीचा हात घट्ट धरला तर तो आण्णांचा हात होता. आण्णा हळूच म्हणाले, "पड रान वहिवाटीला आलं." आणि नातवाला, "येळ लाव." नातवानं घड्याळ लावलं. अकरा मिनिटं. मग परत पट्ट्या आल्या. "कमी-जास्त पत्रक करायला लागंल," (जमिनीचं क्षेत्र बदललं की करतात तो कागद) आण्णा म्हणाले आणि कुपनाचं पॉपकॉर्न खायला लागले. मला विचारलं नाही.

त्या अकरा मिनिटांचे मी आनंदानं पैसे देईन. वेगळे लावा, मी देतो. बाकीच्या दोन तासांचं काय?

बाहेर बायको भेटली. तिनं पन्नासेक फुटांवरनं चाळीस फुटी पडदा बघितला होता. घरी आल्यावर मी हिशेब केला, कारण झोप येत नव्हती, उशीच ठेवता येत नव्हती. रुंदीला अंतरानं भागायचं, डोळ्याला चित्र केवढं दिसतं ते येतं. बायकोचं 0.8. आमच्या हॉलमध्ये ऐंशी फुटांवर, शेवटच्या ओळीत आरामात बसलेल्या लोकांचं 0.75. म्हणजे त्यांनी 480 देऊन बायकोपेक्षा लहान पिक्चर बघितला! आणि मोबाईल आडवा धरून वीतभरापेक्षा जरा जवळ, वीस सेंटिमीटरवर ठेवला, तर पंधरा भागिले वीस, परत 0.75. हे मी रात्री दीड वाजता पोराला पाठवलं. त्यानं फक्त अंगठा पाठवला.

पहिल्या ओळीत माझं तीन आलं. गावात त्या दिवशी माझ्याएवढा मोठा पिक्चर कोणी बघितला नसेल.

"शेवटी तो रडतो तवा तुम्हालाबी रडू आलं काय?" बायकोनं मानेला तेल लावता लावता विचारलं.

शेवटी कोण रडतं हे मला माहीत नाही. माझ्यासमोर त्या वेळी फक्त डावा कान होता.

आज सकाळी आण्णांचा फोन आला. अपील करायचं ठरलंय, मुंबईला, मोठ्या हापिसात. "पंचनाम्याची दुसरी प्रत तुमच्याजवळ हाय न्हवं? सांभाळून ठिवलाय?"

दुसरा रुमाल माझ्या शर्टाच्या खिशात होता. शर्ट काल मशीनमध्ये गेला. सगळ्या कपड्यांना पांढरे कण चिकटलेत, बायको ते सकाळपासनं झटकतेय आणि झटकता झटकता माझ्याकडं बघतेय.

"हो आण्णा," मी म्हटलं, "जपून ठेवलाय."