फॅमिली सेक्शन

लातुरात आमचं लेकरू घेऊन हॉटेलात जायचं म्हणजे मोहीमच आखावी लागते. लेकरू आठ वर्षांचं, स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेलं. दुसऱ्यांचे आवाज त्याला सोसत नाहीत, स्वतःचा आवरत नाही. म्हणून आम्ही सातलाच, गर्दी व्हायच्या आत पोचतो. टेबल कोपऱ्यातलं, मिक्सरपासून लांब. ऑर्डर फोनवर आधीच दिलेली, कारण वेटरचं ‘धाच मिंट’ आमच्या छोट्या साहेबांना पटत नाही. शिवाय डब्यात साखर-पोळी, चौकोनी तुकडे केलेली. तुकडा तिरका गेला की जेवण संपलं.

एवढं करूनही पंखा फिरला की त्याला आनंद होतो. हात फडफडवून तो ‘ईईई’ असा सूर लावतो आणि अख्खा फॅमिली सेक्शन वळून बघतो.

“लेकरू कामून ओरडायलंय ओ?” शेजारच्या टेबलावरचे काका.

“खूश झालंय, काका.”

“मग दोन द्या की ठेवून!”

1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 झाले. स्वमग्नताही त्यात आली. काकांनी जागेवर बाविसावा काढला: “लाडानं बिघडलंय.”

सूर फारच चढला तर एक जण त्याला फाटकापाशी नेतो, दुसरा जेवतो, मग अदलाबदल. लोकांनी पैसे मोजलेत, त्यांना शांतपणे जेवू द्यावं, हे आम्हालाही कळतं. नवराबायको हॉटेलात एकत्र जातो ते असं पाळीपाळीनं. तरी गल्ल्यावरून मालक म्हणालेच, “ताई, जरा गप करा, गिऱ्हाईकं बसलीत.” आम्ही काय मग, सोयरे?

गिऱ्हाईकांचं म्हणाल तर एक जण स्पीकर लावून प्लॉटचा सौदा करत होता. भाव साऱ्या हॉटेलला पाठ झाला. पलीकडं वाढदिवसाच्या केकवर फटाका उडाला. काका स्वतः फुल आवाजात रील बघत शेवभाजी ओरपत होते. त्यांना कोण गप करणार?

आमच्या लेकरानं केलं. कानांवर हात दाबून ते उठलं, थेट काकांच्या टेबलाशी गेलं, मोबाईल उचलला, बटण दाबून आवाज पार बंद केला आणि तो ताटाशेजारी पालथा ठेवून परत येऊन पोळी खाऊ लागलं.

काका माझ्याकडं बघतच राहिले.

मी म्हटलं, “लाडानं बिघडलंय, काका.”